१ − क्ष ला व्यस्त आहे, मग क्ष ला का नाही?

तुमचा प्रश्न असा: बहुपदींच्या रिंगमध्ये (बेरीज, वजाबाकी, गुणाकार करता येतो अशा संचात) १ − क्ष युनिट नाही, म्हणजे गुणल्यावर १ देणारा व्यस्त त्याला तिथं नाही, मग फॉर्मल पॉवर सिरीजच्या (क्ष च्या घातांच्या न थांबणाऱ्या यादीच्या) रिंगमध्ये ते युनिट कसं होतं? आणि त्याचा व्यस्त म्हणून १ + क्ष + क्ष² + … ही सिरीज, ती कन्व्हर्ज होते का (बेरीज एका ठरावीक संख्येकडे जाते का), हे न बघताच लिहायची मुभा कुणी दिली?

आधी दुसरं घेतो, कारण गाडी तिथंच अडते. नांदेडला एम.एस्सी. करताना माझीही अडली होती. अ‍ॅनालिसिसच्या तासाला "आधी कन्व्हर्जन्स बघा" हे डोक्यात कोंबलेलं, आणि अल्जेब्राचे सर फळ्यावर १ + १!क्ष + २!क्ष² + ३!क्ष³ + … लिहून मोकळे. ही सिरीज शून्य सोडून कुठल्याच किमतीला कन्व्हर्ज होत नाही. पण इथं क्ष च्या जागी किंमत घालायचीच नाही. क्ष हा नुसता खुंटा, सहगुणक कितव्या जागेवरचा ते सांगणारा. गुणाकारात कुठल्याही जागेचा सहगुणक काढायला मोजक्याच जोड्या लागतात. अनंत बेरीज येतच नाही, तर कन्व्हर्जन्स कशाचा बघणार?

मला हे खरं उमगलं ते लातूरला जाताना. लोह्यात गाडी चहाला थांबली होती आणि मी तिकिटाच्या मागं १ − क्ष − क्ष² चा व्यस्त काढत बसलो. समजा तो ब० + ब१क्ष + ब२क्ष² + …. गुणाकार १ यायला हवा, म्हणून ब० = १. क्ष चा सहगुणक शून्य हवा: ब१ − ब० = ०, म्हणजे ब१ = १. पुढं ब२ − ब१ − ब० = ०, म्हणजे ब२ = २. मग ३, ५, ८, १३, आणि तिकीट संपलं. (हे फिबोनाचीचे आकडे. मात्रावृत्तं मोजताना हेमचंद्रांनी ते त्याच्या आधीच मांडले होते.)

बघा, प्रत्येक ओळीत नवीन अज्ञात एकच, आणि त्याला गुणलेलं असतं ते मूळ सिरीजचं स्थिरपद. बाकीचं सगळं मागच्या ओळींत हाती आलेलं. म्हणून स्थिरपद युनिट असलं की काम कधीच अडत नाही. क्ष चं स्थिरपद शून्य, पहिलीच ओळ ० × ब० = १. संपला विषय. बहुपदीत १ − क्ष अडतं ते वेगळ्या कारणानं: त्याच्या व्यस्ताच्या सहगुणकांची १, १, १, … ही यादी थांबत नाही आणि बहुपदीला थांबावंच लागतं.

पेपरात पोरं "स्थिरपद शून्य नसलं की युनिट" असं लिहून मार्क घालवतात. ते सहगुणक फील्डमधले (शून्य सोडून प्रत्येकाला व्यस्त असतो अशा रिंगमधले) असतील तरच. पूर्णांकांवर २ + क्ष युनिट नाही, कारण २ला व्यस्त नाही.

फील्डवर मात्र फारच सोपं होतं. परिमेय संख्यांवर घ्या: ३क्ष² − क्ष⁵ = क्ष²(३ − क्ष³), आणि कंसातलं युनिट. शून्य सोडून प्रत्येक सिरीज अशीच, क्ष चा एखादा घात गुणिले युनिट. त्यामुळं आयडियल (बेरीज केली किंवा रिंगमधल्या कशानंही गुणलं तरी आतच राहणारे उपसंच) म्हणजे शून्य आणि क्ष च्या घातांनी तयार होणारे, बस. मॅक्सिमल आयडियल (अख्ख्या रिंगहून लहान, पण दुसऱ्या कुठल्या अशा आयडियलमध्ये न मावणारं) एकच.

खरी गंमत पूर्णांकांवर. ६ + क्ष चे बहुपदीत अवयव पडत नाहीत, पण सिरीजमध्ये पडतात: (२ + क्ष + क्ष² + ०क्ष³ + …)(३ − क्ष − क्ष² + क्ष³ + …). दर ओळीला ३अ + २ब = काहीतरी (अ, ब हे दोन अवयवांचे त्या ओळीतले नवे सहगुणक), असं समीकरण येतं आणि २ व ३ यांचा मसावि १ असल्यानं ते दरवेळी सुटतं. आता ४ + क्ष घ्या. १ × ४ घेतलं तर एक अवयव युनिटच होतो. २ × २ घेतलं तर दुसऱ्याच ओळीला २अ + २ब = १ समोर येतं, आणि ते पूर्णांकांत सुटत नाही.