आजोबांच्या टूलबॉक्समधे लाकडी दांडी निघाली, दोन्ही टोकांना रबरी वाट्या, एक लहान एक मोठी. धुळ्यात जुन्या विलीज जीपबरोबर मिळाली. हे काय असतं?

भाऊ, ही इंजिनचे वॉल्व्ह (झडपा) घासायची काडी आहे, मेकॅनिक लोक लॅपिंग स्टिक म्हणतात. भुसावळला गॅरेजमधे मी अजूनही हीच वापरतो म्हणून खात्रीने सांगतो. हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, खोललं की वॉल्व्हच्या कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावायची, वाटी ओली करून वॉल्व्हवर दाबून चिकटवायची आणि दांडी दोन्ही तळव्यात धरून ताकाच्या रवीसारखी मागेपुढे फिरवायची, मधेमधे उचलून थोडं वळवून परत बसवायचं, कडेला सगळीकडून सारखा राखाडी पट्टा आला की झालं. वाट्या दोन कारण वॉल्व्ह लहानमोठे असतात. जुन्या विलीजच्या गो-डेव्हिल इंजिनात ८ वॉल्व्ह ब्लॉकमधेच (इंजिनच्या मुख्य धडात) बसतात, त्यामुळे सिलिंडरमधे फडकं कोंबून मगच घासा, पेस्टचा कण आत राहिला तर पिस्टन रिंगची वाट लागते, शेवटी रॉकेलने नीट धुवा. फक्त सीट, म्हणजे वॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा, खोल खड्डे पडून जळालेली असेल तर ही काडी पुरत नाही, आधी सीट कटर मारून घ्यावं लागतं. आणि रबर कडक झालं असेल तर ते चिकटणारच नाही पण म्हणून फेकू नका, दांडी जपून ठेवा, चांगली वस्तू आहे.