लिंथॉर्पची फुलदाणी

प्रश्न : घरातील एका जुन्या इंग्रजी फुलदाणीच्या तळाशी ‘लिंथॉर्प’ हा ठसा आणि ड्रेसर यांची सही आहे. ती कुठली असावी?

उत्तर : इंग्लंडमधील मिडल्सब्रो येथील वीटभट्टीचे मालक जॉन हॅरिसन यांनी रचनाकार ख्रिस्तोफर ड्रेसर यांच्या साथीने १८७९ मध्ये ‘लिंथॉर्प’ हा मातीच्या कलात्मक भांड्यांचा कारखाना काढला, स्थानिक मातीतून कलावस्तू घडाव्यात आणि बेकारांच्या हाताला काम मिळावे, हा त्यामागील स्तुत्य हेतू होता. जपान व पेरूच्या जुन्या भांड्यांवरून सुचलेले आकार आणि त्यांवर एकमेकांत मिसळत ओघळलेली रंगीत झिलई हे या भांड्यांचे खरे वैभव आहे. व्यवस्थापक हेन्री टूथ १८८२ मध्ये बाहेर पडले व ड्रेसर यांचाही संबंध त्याच सुमारास संपला. त्यामुळे ड्रेसर यांची सही असलेली आपली फुलदाणी सुरुवातीच्या वर्षांतील असावी. कारखाना जेमतेम दशकभर चालला.