बुटक्या भिंतीला वेल कशाला, वरून झुलणारं काहीतरी लावा

प्रश्न: नमस्कार ताई. आमचं घर साताऱ्यात जरा चढावर आहे, त्यामुळे पुढच्या अंगणातली माती अडवायला ३ फूट उंच आणि साधारण २२ फूट लांब अशी सिमेंट ब्लॉकची भिंत बांधलीय. फाटकातून आत आलं की पहिली तीच दिसते. दोनदा रंग दिला, पण पावसाळा झाला की पोपडे निघतात, पांढरी पावडर सुटते, आता तर काळी-हिरवी झालीय अगदी. तोंड पश्चिमेला, दुपारनंतर नुसतं ऊन. नर्सरीवाले म्हणतात भिंतीला चिकटणारी फायकसची वेल लावा, शेजारच्या वहिनी म्हणतात बोगनवेल. उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी असतं आणि घरात ३ वर्षांची नात आहे, दिसेल ते तोंडात घालते. काय लावू?
— एक आजी, सातारा

उत्तर: नमस्कार आजी. भिंत झाकायची म्हटलं की सगळ्यांना आधी वेलच आठवते, पण तुमची भिंत ३ फुटाची आहे हो, तिच्यावर कुठलीही जोमदार वेल एका पावसाळ्यात चढून वर पोचेल आणि मग जाणार कुठे, तुमच्या अंगणातच पसरणार, आणि तुम्ही कात्री घेऊन तिच्या मागे. तुमच्याकडे एक सोय आयतीच आहे, भिंतीमागची माती भिंतीच्या उंचीपर्यंत आहे. म्हणजे वर लावा आणि खाली सोडा!

पण झाडांआधी भिंतीचं बघा. ती पांढरी पावडर म्हणजे खार आहे, मागच्या मातीतलं पाणी ब्लॉकमधून झिरपून बाहेर येतं, उन्हाने वाळतं आणि क्षार वर राहतात, म्हणून रंग टिकत नाही, आणि तिसऱ्यांदा दिलात तरी टिकणार नाही. भिंतीच्या तळाशी पाणी जायला भोकं ठेवलेली असतात, बहुतेक ती मातीने बुजली असतील, सळईने मोकळी करा. भोकंच नसतील तर मेमध्ये गवंड्याला बोलवून पाडून घ्या, कारण पावसात मागची माती पाणी पिऊन जड होते आणि त्या जोराला ब्लॉकची भिंत पुढे फुगते. सुटलेले पोपडे ब्रशने घासून काढा आणि राहू द्या तशीच.

आता फायकस. ती बारीक मुळांनी पृष्ठभागाला धरते, तुमच्याकडे पृष्ठभागच सुटतोय तर ती पोपड्यासकट खाली येईल. शिवाय काही वर्षांनी तिच्या फांद्या जाड, लाकडासारख्या होऊन भिंतीपासून बाहेर येतात आणि छाटणी चुकली की सगळं बेढब दिसतं. बोगनवेलीचं ऊन आणि कमी पाणी दोन्हीशी जमतं, वहिनींचं त्यात चूक नाही, पण काटे आहेत आणि नात त्याच वाटेने पळणार. कण्हेर तर कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. घाणेरीची हिरवी फळंही पोटात जाऊ नयेत म्हणून ती पण नकोच.

माझं मत सरळ रसेलिया. हिरव्यागार काड्यांचा झुपका येतो, पानं जवळजवळ नसल्यासारखीच, आणि काड्या वाकून कारंज्यासारख्या खाली येतात, त्यावर लाल नळीसारखी फुलं. मूळचं हे मेक्सिकोकडचं झाड, पण आपल्याकडे उन्हात जवळपास वर्षभर फुलतं, विषारी झाडांत मोडत नाही, काटे नाहीत, आणि एकदा रुजलं की दिवसाआडच्या पाण्यावर आरामात राहतं. सकाळी त्यावर शिंजीर येतात, नातीला तेवढा एक उद्योग. अडीच फुटावर एक धरलं तर २२ फुटाला ९ रोपं पुरतील. भिंतीच्या कडेपासून वीतभर आत लावा, पण खड्डा फूटभर तरी खोल घ्या, तिथे बांधकामाचा सांडलेला माल आणि ब्लॉकचे तुकडे हमखास निघतात, ते काढून चांगली माती आणि शेणखत भरा. पहिला चांगला पाऊस झाला की जूनमध्ये लावायचं.

पहिल्या वर्षी मधे मोकळं दिसेल त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तिथे ऑफिस टाइम लावा म्हणजे आपला चिनी गुलाब, काडी खोचली की येतो, कडेवरून खाली लोंबतो. आणि एका टोकाला मायाळू सोडा, ती पण लोंबते आणि पावसात भजी होतात, ३ वर्षांच्या पोरीने पान तोडून खाल्लं तरी चिंता नाही.

भिंतीच्या खाली, वाटेच्या बाजूला जागा असेल तर एक्झोरा बरा वाटेल, नर्सरीत तोच पुढे करतील, पण सिमेंटच्या शेजारच्या चुनखडी मातीत त्याची पानं पिवळी पडतात. त्यापेक्षा बिनकाट्याची कोरांटी लावा. पांढरी किंवा जांभळट, पाऊस सरता सरता फुलायला लागते आणि कमी पाण्यात तग धरते, गजऱ्याला फुलं मिळतात ते वेगळंच. भिंतीची भोकं आहेत तिथे मात्र जागा मोकळी ठेवा.

एक सावधगिरी. जमिनीवर पसरणारी पिवळ्या फुलांची वेडेलिया स्वस्त मिळते आणि पटकन झाकते म्हणून घ्यायचा मोह होईल, घेऊ नका, प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि शेजारच्यांच्या बागेत जाते, नंतर काढता काढता जीव जातो.

दरवर्षी पावसाआधी रसेलियाच्या जुन्या वाळक्या काड्या बुडातून कापून टाका, शेंडे नुसते छाटू नका, नाहीतर कारंज्याचा झाडू होतो. आणि काड्या बाजूला करून भिंतीच्या सांध्यांवर एक नजर टाका, पिंपळाचं रोप दिसलं तर बोटाएवढं असतानाच उपटा.