ठाण्यातला जुना फ्लॅट विकायचाय, आधी कोणते कागद आणि कोणती माहिती तयार ठेवू?

तुम्ही लिहिलंय की नौपाड्यातला 1994 सालचा वन बीएचके आईवडिलांच्या जोडनावावर आहे, वडील गेल्या वर्षी वारले, सोसायटीत नॉमिनी तुम्ही आहात, बहीण नाशिकला असते. आणि एजंट म्हणतो, "आधी पार्टी तर येऊ दे, कागद नंतर बघू."

एजंटचं हे ऐकू नका. भाव तुम्ही आणि पार्टी बसून ठरवाल, पण व्यवहार पुढे सरकणार की नाही हे पार्टीला कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील ठरवतो. तो तुम्हाला भेटणारही नाही, फक्त फाईल बघेल. पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीची मी बरीच वर्षं सेक्रेटरी आहे. टोकन घेऊन झाल्यावर कागदासाठी धावपळ करणारे सभासद नेहमीचेच. तोवर पार्टीला कळलेलं असतं की तुम्ही अडलाय, आणि भाव खाली मागायला तिला निमित्त मिळतं.

तुमच्या बाबतीत सगळ्यात आधी वारसाचा प्रश्न मिटवा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी नॉमिनीशी व्यवहार करते, पण मालकी वारसांचीच राहते. मृत्युपत्र नसेल, हिंदू वारसा कायदा लागू असेल आणि वडिलांची आई हयात नसेल, तर वडिलांच्या अर्ध्या हिश्शाचे तीन सारखे वाटे होतात: आई, तुम्ही, बहीण. म्हणजे आईकडे एकूण दोन तृतीयांश, तुम्हा भावंडांकडे एक षष्ठांश प्रत्येकी. (आजी असेल तर तीही वाटेकरी. हे लोक हमखास विसरतात.) बहिणीला पैसे नको असतील तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं. हवे असतील तर तिघांनीही विक्री करारावर विक्रेते म्हणून सह्या कराव्यात, तेही चालतं. "तिची काही हरकत नाहीये हो" हे तोंडी सांगणं बँकेच्या वकिलापुढे शून्य. वडिलांचा मृत्यू दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र लागेलच. वकील वारस दाखलाही मागेल का, हे आत्ताच विचारून ठेवा, कारण तो कोर्टातून काढायला वेळ लागतो.

मग कपाटातली फाईल काढा. मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा), बिल्डरचं ताबापत्र, शेअर सर्टिफिकेट. फ्लॅट वडिलांनी दुसऱ्याकडून घेतला असेल तर त्याच्या आधीचे करारही हवेत, त्यालाच चेन म्हणतात. मधली एक कडी नसली तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढता येते. मूळ कागद हरवला असेल तर पोलिसात तक्रार आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हे दोन्ही लागतं. करार नोंदलेलाच नाही किंवा मुद्रांक कमी भरलाय असं निघालं तर थोडं थांबा आणि वकिलाला दाखवा. कमी भरलेल्या मुद्रांकावर दरमहा 2 टक्के दंड चढतो, आणि तो कोणी भरायचा यावर पुढे वाद होतात.

शेअर सर्टिफिकेट उलटं करून बघा. मागे रकाने असतात: हस्तांतराची तारीख, नव्या सभासदाचं नाव, अध्यक्ष, सेक्रेटरी आणि एका कमिटी सदस्याची सही. आमच्याकडे एका सर्टिफिकेटवर नाव सुवाच्य अक्षरात, शिक्का ठसठशीत, आणि अध्यक्षांच्या सहीची जागा कोरी. ते अध्यक्ष केव्हाच सोसायटी सोडून गेलेले. शेवटी जुनं मिनिट्स बुक काढून त्यातला ठराव शोधला आणि नव्या कमिटीने दुरुस्ती करून दिली. तुमच्या वेळी सगळे हजर आहेत तोवर हे तपासा. त्याच टेबलावर करार, सर्टिफिकेट, मालमत्ता कराचं बिल आणि महावितरणचं बिल शेजारी शेजारी ठेवून फ्लॅट नंबर आणि नावं ताडून पाहा. करारात आईचं नाव एक आणि आधारवर दुसरं, हे घरोघरी आहे. प्रतिज्ञापत्राने भागतं, फक्त ते आधी करा.

एनओसीबद्दल सेक्रेटरी म्हणून सांगते, आदर्श उपविधीनुसार (सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली) विक्रीला सोसायटीची एनओसी बंधनकारक नाही. पण पार्टीची बँक तिच्या नमुन्यात मागतेच, म्हणून थकबाकी भरून 'नो ड्यूज' घेऊन ठेवा. हस्तांतरण शुल्क 500 रुपये, प्रवेश शुल्क 100 आणि प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25,000. त्यावर "विकास निधी", "रंगकाम निधी" अशा गोंडस नावांनी कोणी मागितलं तर लेखी मागायला सांगा. बहुतेक वेळा मागणी तिथेच संपते.

तुमची इमारत तीस वर्षांच्या पुढे गेलीय, त्यामुळे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल विचारणारच. ठाणे महापालिका इमारतींना सी-1, सी-2 ए, सी-2 बी, सी-3 अशा वर्गात टाकते. सी-1 म्हणजे अतिधोकादायक. आपली कशात आहे ते माहीत असू द्या. भोगवटा प्रमाणपत्र आहे का, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करणं) झालंय का, प्रॉपर्टी कार्डावर नाव सोसायटीचं की जुन्या जमीनमालकाचं, हेही सोसायटीकडून काढा. नौपाड्यात तर पुनर्विकासाचं वारं आहेच. सर्वसाधारण सभेत ठराव झाला असेल, बिल्डरशी बोलणी चालू असतील, तर ते पार्टीला आधी सांगा. भाव वाढवायलाही तेच उपयोगी पडतं. पार्किंग असेल तर सोसायटीचं वाटपपत्र दाखवा. बिल्डरने स्टिल्ट (इमारतीखालचं, खांबांमधलं) पार्किंग विकल्याच्या पावतीला अर्थ नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच ते स्पष्ट केलंय.

 

करासाठी सीएकडे आत्ताच जा. घर 2001 आधीचं असल्यामुळे खरेदी किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 ची वाजवी किंमत धरता येते, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो. 23 जुलै 2024 आधी घेतलेल्या घराच्या विक्रीतल्या नफ्यावर निवासी व्यक्तीला 12.5 टक्के कर, किंवा इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) लावून 20 टक्के, यातलं जे कमी ते धरता येतं. हिशोब तिघांचा वेगवेगळा. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर पार्टी 1 टक्का टीडीएस कापेल. पण आईचं पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर तोच टीडीएस 20 टक्के होतो. रोख 20,000 किंवा जास्त घेऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

वडिलांनी कधी कर्ज काढलं होतं का? असेल तर बँकेचं फेडीचं पत्र शोधा, शिवाय सोसायटीच्या दप्तरातली बोजाची नोंद उतरली का ते पाहा.

एजंटला फक्त झेरॉक्स द्या, प्रत्येक पानावर "केवळ फ्लॅट विक्रीसाठी" आणि तारीख आडवी लिहून. मूळ कागद टोकननंतरही पार्टीच्या वकिलाला तुमच्या समोर बसून बघू द्या.

बहिणीला मात्र आजच फोन करा. हक्कसोडपत्र असो वा विक्री करार, फोटो आणि अंगठ्यासाठी तिला मूळ पॅन-आधार घेऊन नोंदणी कार्यालयात स्वतः हजर राहावं लागेल. जमत नसेल तर नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करावं लागेल, आणि ते बँकेला चालतं का हेही आधी विचारावं लागेल.