अमेरिकेत स्कूल डिस्ट्रिक्टकडून रोज येणाऱ्या ईमेलांतलं काय वाचायचं? आणि मुलासाठी मदत मागितली तर त्याच्यावर शिक्का बसतो का?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये पुण्याहून न्यू जर्सीत आलात, मिडलसेक्स काउंटीत भाड्याने राहता, मुलगा सहावीत आणि मुलगी दुसरीत आहे. डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, मेलांनी इनबॉक्स भरून गेलाय, त्यातलं काय वाचायचं हा तुमचा एक प्रश्न. दुसरा असा, की मुलाला वाचायला-लिहायला जड जातंय, बाई म्हणतात ‘नवीन आहे, थोडं थांबून बघू’, आणि तुमच्या मिस्टरांना वाटतं की आपणहून मदत मागितली तर पोरावर कायमचा शिक्का बसेल. मी याच काउंटीत राहते. माझी दोन्ही मुलं इथल्याच पब्लिक स्कूलमध्ये शिकली, मी पीटीएत काम केलं, आणि नव्याने आलेल्या मराठी घरांना सोबत म्हणून शाळेतल्या मीटिंगांना जाऊन बसते. तुमचा दुसरा प्रश्न जास्त निकडीचा आहे, म्हणून आधी तो घेते.

मदत मागा, आणि लेखी मागा.

आपली सवय अशी असते की शाळा सुटताना बाईंना गाठायचं, दोन मिनिटं बोलायचं, त्या ‘हो, लक्ष ठेवते’ म्हणाल्या की निर्धास्त व्हायचं. त्या बोलण्याची इथे कुठेही नोंद राहत नाही. बाई कितीही चांगल्या असल्या तरी पुढच्या वर्षी मुलगा दुसऱ्या शिक्षकांकडे जातो आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. लेखी विनंती गेली की मात्र डिस्ट्रिक्टला मुदती लागू होतात. न्यू जर्सीच्या नियमाप्रमाणे पालकांनी मूल्यमापनाची, म्हणजे मुलाला शिकण्यात काही अडचण आहे का हे तपासण्याची, लेखी मागणी केल्यावर, शाळेच्या सुट्ट्या सोडून, २० दिवसांच्या आत तुमच्यासोबत बैठक घ्यावी लागते. तिथे मूल्यमापन करायचं ठरलं आणि तुम्ही संमतीची सही दिली, की ९० दिवसांत सगळ्या तपासण्या, निर्णय आणि गरज असल्यास पुढची योजना व्हायला हवी. नकार दिला तर कारणांसह लेखी द्यावा लागतो. तुम्हाला एक पैसाही पडत नाही.

मेल लांबलचक नको. डिस्ट्रिक्टच्या स्पेशल सर्व्हिसेसच्या, म्हणजे विशेष मदत लागणाऱ्या मुलांच्या विभागाच्या, डायरेक्टरना लिहा, प्रिन्सिपलना प्रत ठेवा. मुलाचं नाव, इयत्ता, शाळा. मग तुम्हाला घरी जे दिसतं ते: वाचताना ओळ सुटते, छोटे शब्द गाळतो, तोंडी विचारलं तर उत्तर बरोबर देतो पण तेच लिहायला अर्धा तास लागतो. आणि शेवटी स्पष्ट एक वाक्य, की चाइल्ड स्टडी टीमकडून त्याचं मूल्यमापन व्हावं अशी आमची विनंती आहे. तारीख घाला. त्याच मजकुराची छापील प्रतही ऑफिसात नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या, नगरपालिकेत अर्ज देताना घेतो तशीच. पालक मला विचारतात, आधी फोन करून बघू का? फोन जरूर करा, पण मेल गेल्यानंतर.

चाइल्ड स्टडी टीम म्हणजे शाळेचे मानसशास्त्रज्ञ, लर्निंग कन्सल्टंट आणि सोशल वर्कर. बैठकीत तुम्हाला कदाचित सुचवतील की आधी आय अँड आर एस करून बघू. ही साध्या वर्गातच थोडी जादा मदत देण्याची व्यवस्था आहे आणि ती उपयोगी पडते. ती घ्या, पण तिच्यासाठी मूल्यमापनाची मागणी मागे घेऊ नका. अशा मदतीचं कारण सांगून मूल्यमापन लांबवता येत नाही, असं केंद्रीय शिक्षण खात्याने २०११ मध्येच राज्यांना कळवलेलं आहे.

एक गोष्ट तुमच्या बाबतीत फार महत्त्वाची ठरेल. मुलगा पुण्यात मराठी वाचताना कसा होता? देवनागरीतही अडखळायचा का, जोडाक्षरं गाळायचा का, मराठीच्या वह्यांवर बाईंचे लाल शेरे असायचे का? तसं असेल तर अडचण इंग्रजीच्या नवखेपणाची नसण्याची शक्यता बरीच वाढते. त्या वह्या आणि प्रगतिपुस्तकं मागवून घ्या, पाडव्याला कुणी येणार असेल त्याच्या बॅगेतून येऊ देत. मी एका आईसोबत गेले होते तेव्हा तिने चौथीची शुद्धलेखनाची वही टेबलावर ठेवली. लर्निंग कन्सल्टंटना अक्षर वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक ओळीत त्याच-त्याच जागी केलेल्या दुरुस्त्या दिसत होत्या. ‘नवीन देश, नवीन भाषा’ हे त्यानंतर त्या खोलीत कुणी म्हटलं नाही. कायदाही दोन्ही बाजूंनी विचार करतो. निव्वळ इंग्रजी कमी येतं म्हणून मुलाला अपंगत्वाच्या वर्गवारीत घालता येत नाही, आणि तपासण्या शक्यतो मुलाच्या भाषेत घ्याव्यात असं त्यात लिहिलेलं आहे. पालकांसाठी दुभाषाही मागता येतो, विनाशुल्क. तुमचं इंग्रजी चांगलं असलं तरी त्या बैठकीतली भाषा वेगळीच असते, तेव्हा संकोच करू नका. आणि कुणी ‘घरी मराठी बोलणं बंद करा’ असा सल्ला दिला तर तो अजिबात मानू नका.

आता शिक्क्याची भीती. मिस्टरांना सांगा की या मदतीची सुरुवात अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणासाठीच्या १९७५ च्या केंद्रीय कायद्याने झाली, आज त्याला आयडिया म्हणतात, आणि देशभरात लाखो मुलांना त्याखाली आयईपी, म्हणजे त्या मुलापुरती आखलेली लेखी शिक्षणयोजना, मिळते. कुणाला वाचनासाठी रोज वेगळा तास, कुणाला उच्चारांसाठी थेरपी, कुणाला परीक्षेत जादा वेळ. आयईपीइतकी गरज नसली तर १९७३ च्या कायद्यातला ५०४ प्लॅन असतो, म्हणजे साध्या वर्गातच दिलेल्या सवलती. पहिली आयईपी तुमच्या लेखी संमतीशिवाय सुरूच होऊ शकत नाही. त्या कागदांवर विद्यार्थ्यांच्या नोंदी जपणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्याचं संरक्षण आहे, ते तुमच्या संमतीशिवाय सहसा शाळेबाहेर कुणाला दाखवता येत नाहीत, आणि कॉलेजला जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, अपंगत्वाचा उल्लेख नसतो. शिक्का बसतो तो मदत न मिळालेल्या मुलावर. आठवीपर्यंत त्याला स्वतःलाच वाटायला लागतं की आपण ‘ढ’ आहोत. हे मी जवळून पाहिलंय आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण तोवर दोन-तीन वर्षं हातातून गेलेली असतात.

व्हिसाचाही याच्याशी संबंध नाही. एच-४ वरच्या, म्हणजे आई किंवा वडिलांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे आलेल्या, मुलाला या सगळ्यावर इतर कुठल्याही मुलाइतकाच हक्क आहे. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळा नाकारता येत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा १९८२ चा निकाल आहे. शाळेशी बोलणं अवघड वाटलं तर स्पॅन पेरेंट अ‍ॅडव्होकसी नेटवर्क ही संस्था न्यू जर्सीतल्या पालकांना फुकट मार्गदर्शन करते. आयईपीच्या बैठकीला तुमच्या ओळखीतलं जाणकार माणूस सोबत न्यायचा तुम्हाला हक्क आहे, तो वापरा.

मुलीचं थोडक्यात. नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता याचा फॉर्म भरला असेल. आपले बरेच लोक तिथे ‘इंग्रजी’ लिहितात, म्हणजे ईएसएलची (घरी दुसरी भाषा असलेल्या मुलांना इंग्रजी शिकवण्याच्या वर्गाची) चाचणीच टळते. खरं लिहा. इंग्रजी माध्यमातून आलेलं मूल बहुधा चाचणीत पुढे निघून जातं, आणि नाही निघालं तर जादा शिकवणी मिळते. ती नको असेल तर पालकांना नाकारता येते.

आता ईमेल. सगळे वाचायची गरज नाही, पण ज्यांत तारीख आहे ते सोडू नका. स्पिरिट वीकचा, म्हणजे रोज ठरवून वेगळा पेहराव करून जायच्या आठवड्याचा, मेल तुम्हाला फालतू वाटेल, पण पायजमा डेला दुसरीतली पोरगी एकटीच जीन्समध्ये गेली तर तिच्यासाठी तो दिवस फार मोठा होतो, तेव्हा तोही बघा. पीटीएच्या पिझ्झा नाइटचे मेल जमेल तसे.

बसचा मेल मात्र डोळ्यात तेल घालून वाचा. न्यू जर्सीत आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून २ मैलांहून दूर असेल आणि हायस्कूलवाल्याचं अडीच मैलांहून, तरच सहसा बस देणं डिस्ट्रिक्टला बंधनकारक आहे. त्याच्या आतल्यांना मिळते ती कर्टसी बस, म्हणजे डिस्ट्रिक्टची मर्जी. खर्च आवळायची वेळ आली की बऱ्याचदा पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते, किंवा पैसे भरून जागा घ्यावी लागते आणि जागा मोजक्या असतात. तो अर्ज उन्हाळ्याच्या आसपास निघतो, नेमका आपण भारतात असतो तेव्हा. सप्टेंबरमध्ये दोघं नोकरीवर आणि पोराला सोडायला कुणी नाही, अशी घरं दर वर्षी दिसतात.

शाळेतल्या फुकट किंवा सवलतीच्या जेवणाच्या अर्जाचा मेल आपले लोक न उघडताच डिलीट करतात, ‘ते आपल्यासाठी नाही’ म्हणून. पगार चालू असताना खरंच नसेल. पण आयटीतली नोकरी एका शुक्रवारी जाते, एच-१बी वाल्याच्या हातात जास्तीत जास्त ६० दिवस उरतात, तेव्हा घरातला प्रत्येक डॉलर मोजावा लागतो. हा अर्ज वर्षभरात कधीही करता येतो. केंद्राच्या नियमाने उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण फुकट. न्यू जर्सीने ही मर्यादा २०२४-२५ पासून २२४ टक्क्यांपर्यंत नेली आहे. अर्जात व्हिसा विचारत नाहीत. सही करणाऱ्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे ४ आकडे मागतात, आणि नंबर नसेल तर ‘नाही’ वर खूण करायची सोय असते. पुढे हायस्कूलमध्ये एसएटी आणि एपी या कॉलेजसाठी उपयोगी पडणाऱ्या परीक्षांच्या फीची सवलतही बऱ्याचदा यावरून ठरते. परिस्थितीच अशी आली की घर सोडून मित्राच्या बेसमेंटमध्ये राहावं लागलं, तर १९८७ च्या मॅककिनी-व्हेंटो कायद्याखाली मुलाला त्याच शाळेत राहता येतं. प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये त्यासाठी एक नेमलेली व्यक्ती असते. हे माहीत नसल्यामुळे कुणी मुलाची शाळा मध्येच बदलू नये एवढ्यासाठी लिहितेय.

मुलगा सहावीत आहे म्हणून अजून एक. काउंटीची मॅग्नेट स्कूल्स, म्हणजे निवडून प्रवेश देणारी विशेष हायस्कूल्स (एडिसन अकॅडमी, वुडब्रिज अकॅडमी वगैरे), यांचे अर्ज आठवीच्या सुरुवातीच्या महिन्यांत भरायचे असतात आणि सातवीचे ग्रेड तिथे बघतात. ही सरकारी शाळाच आहे, फी नाही. गिफ्टेड, म्हणजे विशेष हुशार मुलांच्या, वर्गाबद्दलही डिस्ट्रिक्टला निवडीची पद्धत जाहीर करावीच लागते, २०२० पासून तसा राज्याचा कायदा आहे. आणि आयईपी असलेलं मूल गणितात गिफ्टेड असू शकतं. दोन्ही एकाच वेळी मागता येतं.

कॉलेजचं आता डोक्यात घेऊ नका. एवढंच लक्षात ठेवा की एच-४ वरच्या मुलांना केंद्राची आर्थिक मदत मिळत नाही. पण रोटरी, पीटीए, गावातल्या संस्था यांच्या छोट्या शिष्यवृत्त्यांत बऱ्याचदा शाळा आणि गाव एवढंच बघतात. त्यांची यादी हायस्कूलचे काउन्सेलर मेलवर पाठवतात. अकरावी-बारावीत ती मुलाने स्वतः वाचायची.

आणि बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डाच्या, बैठकीचा मेल. मत फक्त नागरिकांना देता येतं, म्हणून आपण त्या वाटेला जात नाही. पण बैठकीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. न्यू जर्सीत प्रत्येक स्कूल बोर्डाला बैठकीत लोकांच्या बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो, सहसा माणशी काही मिनिटं. मार्चमध्ये बजेटचा कच्चा आराखडा येतो आणि एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीला त्यावर सुनावणी होते. मालमत्ता कराची शाळेसाठीची वसुली वर्षाला साधारण २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. पगार आणि आरोग्यविमा त्याहून वेगाने वाढले की मग रीडिंग स्पेशालिस्ट, ईएसएलच्या बाई, कर्टसी बस यांतलं काय जाणार हे तिथे ठरतं. म्हणजे तुमच्या मुलाला जी बाई रोज अर्धा तास वाचायला शिकवणार, तिची जागा राहणार की नाही हे. भाडेकरूही हा कर भाड्यातून भरतच असतो, तेव्हा आपण पाहुणे आहोत असं समजून मागे बसू नका. बैठकांच्या तारखा डिस्ट्रिक्टच्या कॅलेंडरवर असतात. पहिल्या वेळेला नुसतं ऐकायला जा, बोलायचं पुढच्या वेळी बघा.

मुलाचा मेल मात्र याच आठवड्यात जाऊ दे. डायरेक्टरांचं नाव डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर स्पेशल सर्व्हिसेसखाली मिळेल.