दहा आज्ञा राहू द्या, कठडा घ्या

नागपुरातल्या ख्रिस्ती संस्थेच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तुमच्याकडे एथिक्स आलंय, वर्गात ख्रिस्ती मुलं जेमतेम चार-पाच, मग बायबल काढू की नको, असं विचारलंत. काढा की. मी अशाच एका कॉलेजात सिव्हिलला शिकवलंय; लपवाछपवी केली की पोरांना जास्त संशय येतो.

फक्त दहा आज्ञांपासून सुरू करू नका, वर्ग झोपतो. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं 22:8 घ्या. नवं घर बांधशील तर गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडलं तर रक्तपाताचा दोष तुझ्या घराला लागेल, असा त्याचा अर्थ. मागच्या बाकावरून लगेच आलं, "सर, हाइट किती?" नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये किमान 1 मीटर. दुसऱ्या दिवशी पोरं आपापल्या गच्चीचा कठडा मोजून आली, कित्येकांचा कमी भरला. दीक्षाभूमीजवळ राहणाऱ्या एका मुलीने त्यात बुद्धाची सम्यक आजीविका, म्हणजे कोणाला इजा न करता पोट भरणं, आणली आणि तो तास तिनेच घेतला.

पण खरा विषय लॅबच्या जर्नलमध्ये आहे. आमच्याकडे काँक्रीटचे 28 दिवसांचे तीन क्यूब, म्हणजे ठोकळे, ताकद बघायला मशीनवर दाबून फोडले. दोन 610 आणि 590 किलोन्यूटनला गेले, तिसरा 380 लाच. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे तिघांतला एकही सरासरीपासून 15 टक्क्यांहून जास्त ढळायला नको. म्हणून जर्नलमध्ये 380 चे 580 झाले. एकच आकडा बदलला, सगळ्या बॅचने तोच उतरवला, आणि खाली सही माझी. हे मी वर्गात सांगतो. लाज वाटते, पण त्यानंतर पोरं मोकळं बोलतात, साइटवर टेस्टिंगसाठी वेगळा 'चांगला' माल कालवतात हेही.

त्यानंतरच अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलमधले, छतापासून सळयांनी टांगलेले आणि पुढे कोसळलेले पूल. मूळ डिझाइनमध्ये एकच सळई वरच्या पुलातून खालच्यापर्यंत जात होती. करायला सोपं म्हणून तिच्या दोन केल्या, एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत. त्यामुळे वरच्या पुलाच्या नटावर दोन्ही पुलांचा भार आला. 17 जुलै 1981, 114 माणसं गेली. बदललेल्या ड्रॉइंगवर इंजिनिअरचा शिक्का होता, पण त्या जोडाचं गणित कोणी केलंच नव्हतं. फळ्यावर आधी नुसती आकृती काढा, नटावरचा भार पोरांनाच काढू द्या. मेलेल्यांचा आकडा नंतर.

'एथिक्स म्हणजे काय' हा पाच मार्कांचा प्रश्न पेपरात येईलच. त्याची व्याख्या शेवटच्या आठवड्यात लिहून द्या, पुरते.