अटॅक येऊन गेलेल्या वडिलांना एल-आर्जिनिनची पावडर द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६४ वर्षांचे, चार महिन्यांपूर्वी अटॅक आला, स्टेंट बसवला, आणि आता नात्यातले एक काका 'याने नसा मोकळ्या होतात' म्हणत एल-आर्जिनिनचा डबा देऊन गेलेत. ताई, तो डबा उघडू नका.

माझं मेडिकलचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. सासऱ्यांच्या बायपासनंतर आमच्याकडेही असाच डबा आला होता. नको म्हटल्यावर देणारे दुखावले, वर्षभर बोलणं बंद होतं. तरी आजही मी नकोच म्हणेन.

काका खोटं बोलत नाहीत, अर्धंच सांगतायत. आर्जिनिन या अमिनो आम्लापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, हे खरंच आहे. नायट्रिक ऑक्साइडचं हे काम शोधणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ साली नोबेल मिळालं. विकणारे इथेच थांबतात.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी नुकताच अटॅक येऊन गेलेल्या १५३ जणांवर एक चाचणी केली, ती २००६ मध्ये छापून आली. काहींना रोज तीन वेळा ३-३ ग्रॅम आर्जिनिन, बाकीच्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं. सहा महिन्यांत हृदयाची ताकद तर वाढली नाहीच, उलट आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी ६ जण दगावले. दुसऱ्या गटात एकही नाही. नवीन रुग्ण घेणं तिथेच थांबवलं. माणसं थोडी होती, त्यामुळे सहाही मृत्यू आर्जिनिननेच झाले असं म्हणता येणार नाही. पण तुमच्या वडिलांची अवस्था बरीचशी त्या रुग्णांसारखीच आहे.

फायदा अगदीच नाही असं नाही. बीपी थोडं उतरतं. पण बीपीच्या गोळ्या किंवा जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट चालू असेल, तर तेच जास्त उतरून चक्कर येऊ शकते. आणि आर्जिनिन शरीर स्वतःही बनवतं, डाळी-तिळातून मिळतं. मूठभर शेंगदाण्यांत जवळपास एक ग्रॅम असतं.

मला खरी काळजी वेगळीच आहे. पावडर सुरू झाली की 'आता गोळ्या कशाला' म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत. स्टेंटनंतर त्या चुकल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. आज वडिलांची गोळ्यांची पाकिटं स्वतः मोजून बघा, आणि मध्ये खाडा दिसला तर उद्याची वाट न बघता हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.